ग्रेट लेक्सवरचा 2013–14 चा हिवाळा आणि दुसऱ्या मोठ्या बर्फफोड जहाजाचा प्रश्न: एक प्रकरण अभ्यास

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्स सरोवरांवर 6 मार्च 2014 रोजी 92.5 टक्के पृष्ठभाग बर्फाखाली होता. 1979 च्या 94.7 टक्क्यांनंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. बरोबर दोन हिवाळे आधी, 2011–12 मध्ये, याच सरोवरांवर बर्फाने कमाल 12.9 टक्केच मजल मारली होती. एका वर्षी बर्फफोड जहाजं धक्क्याला बांधून ठेवली तरी चालेल आणि दुसऱ्या वर्षी आहेत तेवढी पुरणार नाहीत, अशा जलमार्गासाठी सरकारने किती जहाजं बाळगायची, हा या प्रकरणाचा विषय. व्यापारी जहाजं, कंपन्या आणि अधिकारी यांची नावं गाळली आहेत. सरकारी जहाजांची नावं ठेवली आहेत, कारण त्यांची मापं कळल्याशिवाय निर्णय कळत नाहीत.

पार्श्वभूमी

मिनेसोटातल्या डुलुथ आणि टू हार्बर्स या बंदरांतून मुख्य माल निघतो तो टॅकोनाइटचा. टॅकोनाइट हे कमी प्रतीचं लोहखनिज. ते दळून, लोहाचा भाग वेगळा काढून त्याच्या काबुली चण्याएवढ्या गोळ्या भाजतात आणि त्या जहाजात भरतात. जहाज सुपीरियर सरोवराची लांबी ओलांडून व्हाइटफिश बे या आखातात येतं, तिथून सेंट मेरीज नदीत शिरतं आणि सू सेंट मेरी (थोडक्यात ‘सू’) गावापाशी लॉकमधून, म्हणजे पाणी कमी-जास्त करून जहाज खाली-वर नेणाऱ्या दरवाज्यांच्या हौदातून, साधारण साडेसहा मीटर खाली उतरतं. मग ह्यूरन सरोवरातून एक वाट मॅकिनॉच्या सामुद्रधुनीकडून मिशिगन सरोवरात, म्हणजे गॅरीच्या पोलाद कारखान्यांकडे जाते. दुसरी सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट नद्यांतून ईरी सरोवरात, म्हणजे क्लीव्हलँडकडे.

सरोवरांवरच्या मालवाहू जहाजांतली सर्वांत मोठी तेरा जहाजं हजार फूट म्हणजे सुमारे 305 मीटर लांब आणि 105 फूट रुंद आहेत. एका खेपेत ती साठ हजार टनांच्या आसपास माल नेतात. ती मावतात असं सू इथे एकच लॉक आहे: पो लॉक, रुंदी 110 फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट मोकळे. लॉकच्या भिंतींवर बर्फाचा थर चढला की तेवढीही जागा उरत नाही. आधी भिंती खरवडाव्या लागतात, आणि जहाजाने पुढे ढकलत आणलेला बर्फ बाहेर काढायला लॉक नुसत्या बर्फासाठी एकदा भरून रिकामं करावं लागतं. हिवाळ्यात सूमधून एक जहाज पार होतं म्हणजे खरं तर दोन-तीन कामं पार होतात.

लॉक दरवर्षी 15 जानेवारीला बंद होतात आणि 25 मार्चला उघडतात. 1970 च्या दशकात वर्षभर वाहतूक चालू ठेवण्याचा सरकारी प्रयोग झाला होता. काही वर्षं लॉक हिवाळाभर उघडेही राहिले. 1979 मध्ये तो प्रयोग संपला आणि हिवाळी सुट्टी कायम झाली. त्या काळात लॉकची दुरुस्ती होते, जहाजं गोदीत जातात आणि पोलाद कारखाने डिसेंबरपर्यंत साठवलेल्या गोळ्यांवर भट्ट्या चालवतात. त्यामुळे वाहतुकीला बर्फफोड जहाजांची गरज दोनदा टोकाला जाते: बंद होण्याआधीचे पाच-सहा आठवडे आणि उघडल्यानंतरचे पाच-सहा आठवडे. मधल्या काळात सेंट क्लेअर नदी आणि ईरी सरोवराचा भाग थोडाफार चालू असतो.

बर्फ फोडण्याची जबाबदारी अमेरिकी कोस्ट गार्डवर आली ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या डिसेंबर 1936 च्या आदेशाने. त्यात शब्द आहेत ‘व्यापाराच्या वाजवी गरजांनुसार’. वाजवी म्हणजे किती, हे आदेशात नाही. पुढची सगळी रस्सीखेच याच शब्दांवर झाली.

2013–14 मध्ये सरोवरांवर कोस्ट गार्डची ताकद अशी होती. एक मोठं जहाज, मॅकिनॉ: 240 फूट लांब, 58 फूट रुंद, खाली फिरत्या शेंगांसारखे दोन विद्युत प्रॉपेलर, एकूण नऊ हजारांवर अश्वशक्ती. 32 इंच जाड सलग बर्फातून ते तीन नॉटने (ताशी तीन सागरी मैल) जाऊ शकतं. सहा टग, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या लहान पण दणकट बोटी, प्रत्येकी 140 फूट लांब आणि साडेसदतीस फूट रुंद, 2,500 अश्वशक्ती. सुमारे 20 इंचांपर्यंत सलग चाल, त्याहून जाड बर्फात मागे येऊन धडका. या टगच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडायची सोय आहे. त्यामुळे बर्फ आणि पोलाद यांतलं घर्षण कमी होतं. शिवाय 225 फुटी दोन बोया-जहाजं, मुख्य काम बोया, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, टाकण्या-काढण्याचं, बर्फात मात्र साधारण 14 इंचांपर्यंतच. कॅनडाकडून ग्रिफन आणि सॅम्युएल रिस्ली ही दोन. दोन्ही देशांची जहाजं झेंडा न पाहता कुणालाही मदत करतात, तसा करार आहे. काम दोन मोहिमांत वाटलेलं: उत्तरेकडची ‘टॅकोनाइट’ सूहून चालते, दक्षिणेकडची ‘कोल शॉव्हल’ डेट्रॉइटहून.

मॅकिनॉबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण गाठ तिथेच आहे. याच नावाचं जुनं जहाज 1944 चं: 290 फूट लांब, सुमारे 75 फूट रुंद, 10,000 अश्वशक्ती. युद्धकाळात पोलादासाठी बांधलेलं, फक्त बर्फासाठी. उन्हाळ्यात त्याला फारसं काम नसे आणि चालवायला ते महाग होतं. म्हणून ते मोडीत काढायचे प्रस्ताव वारंवार आले. शेवटी 10 जून 2006 रोजी ते निवृत्त झालं आणि त्याच दिवशी नवं मॅकिनॉ सेवेत आलं. नवं जहाज बोयांचंही काम करतं, माणसं कमी लागतात, वळतं झकास. पण ते सतरा फुटांनी अरुंद आहे. हा फरक त्या वेळी खर्चाच्या तक्त्यात फायद्याच्या बाजूला दिसत होता.

अडचण

2013 च्या डिसेंबरातच बर्फ नेहमीपेक्षा लवकर धरला. सू बंद व्हायला महिनाभर असतानाच जहाजांना सोबत लागू लागली, फेऱ्या लांबल्या आणि कारखान्यांपर्यंत पोचायचा साठा तेवढा पोचला नाही. म्हणजे हिवाळ्याची बेगमीच कमी पडली. मग जानेवारी-फेब्रुवारीची थंडी सलग पडली, मध्ये उसंत नाही.

मार्चमध्ये व्हाइटफिश बेची अवस्था समजून घेण्यासारखी होती. सुपीरियर सरोवराची वाऱ्याची मोठी दिशा वायव्य. सरोवरभरचा सुटा बर्फ वारा आग्नेय कोपऱ्यात लोटतो आणि तो कोपरा म्हणजेच व्हाइटफिश बे. तिथे थरावर थर चढून बर्फाचे बांध उभे राहतात, वर जेवढे दिसतात त्याच्या कितीतरी पट खाली. सलग थर 32 इंच असेल तर मॅकिनॉ चालत जातं, बांध आला की थांबतं, मागे येतं, धडक देतं. गोड्या पाण्याच्या बर्फात खाऱ्या बर्फासारखे क्षाराचे कप्पे नसतात. त्यामुळे तेवढ्याच जाडीचा तो बर्फ जास्त टणक. समुद्रात चांगली कामगिरी असलेल्या जहाजाचे आकडे इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

लॉक ठरल्याप्रमाणे 25 मार्चला उघडले. डुलुथ परिसरातून निघालेला लोहखनिजाच्या जहाजांचा पहिला ताफा, सोबत मॅकिनॉ आणि टग असूनही, सूला पोचायला आठवड्याहून अधिक लागला. अंतर सुमारे 630 किलोमीटर. एरवी ते सव्वा दिवसाचं काम. एप्रिलच्या सुरुवातीला गॅरीतल्या एका मोठ्या पोलाद कारखान्याने कच्चा माल नाही म्हणून उत्पादनाचा काही भाग थांबवला. सुपीरियरवर बर्फ जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तरंगत होता.

जहाजमालकांच्या संघटनेने नंतर हिशोब मांडला: सुमारे 70 लाख टन माल हुकला, 70.5 कोटी डॉलरचा फटका, 3,800 रोजगार. हा आकडा दुसरं जहाज मागणाऱ्यांनीच काढलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. हुकलेला माल सगळा कायमचा हुकत नाही, काही उन्हाळ्यात भरून निघतो. पण भट्टी मंदावली की ती परत तापवण्याचा खर्च भरून निघत नाही, आणि तो भाग खरा आहे.

त्या हिवाळ्यातले निर्णय

पहिला प्रश्न वाट कधी फोडायला घ्यायची. वरवर पाहता उत्तर सोपं: जितक्या लवकर तितकं बरं. तसं नाही. उणे वीस अंशांत फोडलेली वाट उघडं पाणी दाखवते, उघडं पाणी बर्फाखालच्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने गोठतं, आणि तुकडे एकमेकांवर चढून गोठले की पुढच्या आठवड्यात त्याच वाटेत मूळ थराहून जाड, खडबडीत खच मिळतो. कडाक्याच्या थंडीत रोज वाट फोडणं म्हणजे रोज बर्फ तयार करणं. म्हणून सर्वसाधारण पद्धत अशी की लॉक उघडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करायची, थंडी ओसरायच्या बेताने. 2014 मध्ये थंडी ओसरलीच नाही. तारीख मात्र 25 मार्चच राहिली.

तारीख पुढे ढकलायची का, यावर दोन्ही बाजूंना वजन होतं. कारखान्यांचा साठा संपत आलेला. पण ज्या जहाजांना वाट नाही त्यांना लॉक उघडं असून उपयोग काय? तारीख कायम ठेवली, हे माझ्या मते बरोबर केलं. जहाजं खोळंबून राहिली तरी ती बर्फात पुढे सरकत होती. बंदरात बसून राहिली असती तर एप्रिलचा दुसरा आठवडाही गेला असता.

दुसरा प्रश्न मॅकिनॉ कुठे ठेवायचं. व्हाइटफिश बे, मॅकिनॉची सामुद्रधुनी आणि मिशिगन सरोवरातला ग्रीन बे, तिन्हीकडे टगच्या ताकदीपलीकडचा बर्फ एकाच वेळी होता. मोठं जहाज एक. ते व्हाइटफिश बेमध्ये नेलं, कारण तिथलं बूच निघाल्याशिवाय सुपीरियरचा कुठलाच माल खाली येत नाही. बाकी ठिकाणी टगांच्या जोड्या.

रुंदीचं गणित इथे आडवं आलं. मॅकिनॉची वाट 58 फूट, मागून येणारं जहाज 105 फूट. एका फेरीची वाट पुरत नाही. त्यामुळे एकतर मॅकिनॉने शेजारून दुसरी फेरी मारायची, किंवा मागे टगने कड तासत यायचं. फिरत्या प्रॉपेलरचा झोत बाजूला वळवून मॅकिनॉ वाट थोडी रुंद करू शकतं, पण दाट खचात झोत फार लांब जात नाही. सलग बर्फात हजारफुटी जहाज स्वतःच्या वजनाने कडा मोडत जातं. बर्फावर वाऱ्याचा दाब असेल तर मोडलेल्या कडा लगेच जहाजाच्या अंगाला चिकटतात आणि ते रुततं. रुतलेल्या जहाजाला सोडवायची रीत ठरलेली: बर्फफोड जहाज त्याच्या दोन्ही अंगांनी, जवळून, समांतर चीर पाडत जातं, दाब निघाला की ‘आता पूर्ण ताकद द्या’ असं रेडिओवर सांगायचं आणि पुढे पळायचं. समांतर जाताना अंतर चुकलं तर दोन जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. शेजारी उभं राहिलं तर आपणही रुततो. साडेसदतीस फुटी टगला हे काम तीनदा करावं लागतं तिथे पंचाहत्तर फुटी जहाजाला एकदा.

तिसरा प्रश्न ताफ्याचा. एकेक जहाज सोडायचं की तीन-चार एकत्र? एकत्र नेलं तर बर्फफोड जहाजाचा प्रवास एकदाच होतो, वाट गोठायच्या आत सगळी निघून जातात. तोटा असा की पहिलं रुतलं की मागचीही थांबतात आणि थांबलेलं जहाज अर्ध्या तासात जागच्या जागी गोठायला लागतं. शिवाय ताफ्याचा वेग सर्वांत दुबळ्या जहाजाचा. त्या वसंतात ताफाच निवडला, कारण वेगळी सोबत द्यायला जहाजंच नव्हती. ताफ्यातल्या काही जहाजांच्या पत्र्याला मार बसला. क्रम लावताना जास्त ताकदीचं, पूर्ण भरलेलं जहाज पुढे ठेवणं फायद्याचं, ते वाट दाबून रुंद करतं. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं आणि बर्फावर घसरतं, त्याला मध्ये घालावं.

चौथा मुद्दा नकाशावर पटकन दिसत नाही: बेटांवरची माणसं. मॅकिनॉ बेटाचे रहिवासी कडक हिवाळ्यात सेंट इग्नसपर्यंत गोठलेल्या पाण्यावरून स्नोमोबाइलने जातात. वाट चुकू नये म्हणून नाताळ झाल्यावर टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं बर्फात ओळीने रोवतात. सुपीरियरच्या मालापेक्षा त्यांना हा पूल टिकणं मोलाचं. त्याउलट सेंट मेरीज नदीतल्या शुगर आणि नीबिश बेटांचं सगळं फेरीबोटीवर. जहाजाने फोडलेला खच प्रवाहाबरोबर येऊन फेरीच्या वाटेत तुंबला की शाळा, दवाखाना, कामधंदा सगळं खोळंबतं. म्हणजे एका बेटाला बर्फ हवा आहे आणि दुसऱ्याला नको आहे. म्हणून हिवाळ्यात नीबिशच्या पश्चिमेची वाट बंद करून दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वाटेने काढतात, मॅकिनॉ बेटाजवळच्या वाटांना हात लावत नाहीत, आणि या बंदीच्या तारखा आधी जाहीर करतात. कोस्ट गार्डच्या प्राधान्यक्रमातही जीव वाचवणं पहिलं, पूर किंवा इंधन-अन्न अडलेल्या वस्त्या त्यानंतर, आणि मालवाहतूक शेवटी. मालकांच्या तक्रारी वाचताना हा क्रम बरेचदा विसरला जातो.

दक्षिणेला एक वेगळाच धोका. ह्यूरन सरोवराच्या तोंडाशी बर्फाची कमान धरते आणि सरोवराचा बर्फ सेंट क्लेअर नदीत येऊ देत नाही. ती चुकीच्या वेळी मोडली तर खच नदीत उतरून तुंबतो, मागे पाणी चढतं. एप्रिल 1984 मध्ये अशी कोंडी 24 दिवस टिकली होती. तिथे टगांचं काम बर्फ फोडण्यापेक्षा फोडलेला बर्फ खाली वाहता ठेवण्याचं आहे, आणि म्हणून त्या टग वर व्हाइटफिशला पाठवता येत नाहीत.

पुढच्या हिवाळ्यांसाठी तोललेले पर्याय

बर्फ वितळल्यावर प्रश्न मोठा झाला: पुढे काय? पर्याय असे चर्चेत होते.

आहे त्या टगांची डागडुजी. त्या 1979 ते 1981 च्या दरम्यान सेवेत आलेल्या. बाल्टिमोरच्या कोस्ट गार्ड गोदीत त्यांची इंजिन, वायरिंग, राहण्याची व्यवस्था नवी करून आयुष्य वाढवायचा कार्यक्रम ठरलेलाच होता. खर्च आवाक्यात, निर्णय झालेला. पण त्याने ताकद वाढत नाही, असलेली टिकते. आणि काम चालू असताना एक टग कायम गैरहजर. बाल्टिमोरला जायचं तर सेंट लॉरेन्समधून समुद्रात उतरून पूर्व किनाऱ्याने जावं लागतं, हे बर्फ धरायच्या आत उरकावं लागतं.

मॅकिनॉच्या तोडीचं दुसरं जहाज. मालकांची, सरोवरकाठच्या राज्यांतल्या लोकप्रतिनिधींची मागणी हीच. मोठा आक्षेप पैशाचा: चार-पाच हिवाळ्यांतून एकदाच पूर्ण वापर. कोस्ट गार्डची त्या काळातली भूमिका साधारण अशी होती की आहे तो संच नेहमीच्या हिवाळ्याला पुरतो आणि ध्रुवीय बर्फफोड जहाजांचा तुटवडा अधिक तातडीचा आहे. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. पहिल्यात ‘नेहमीचा हिवाळा’ या कल्पनेवर फार भार टाकला होता.

पूर्व किनाऱ्यावरची टग उसनी आणणं. मॉरो बे ही टग न्यू लंडनहून सरोवरांवर आणून हे आधीच केलं होतं. उपयोगी, पण पूर्वेकडची हडसन नदीही त्याच थंडीत गोठते आणि तिथे घरं तापवायचं तेल त्याच वाटेने जातं.

खासगी टग भाड्याने. बंदराच्या आत, धक्क्याजवळ त्यांनाच पहिला मान द्यायचा, सरकारने स्पर्धा करायची नाही, असं धोरण आहेच. उघड्या सरोवरातल्या बांधांसमोर त्यांची ताकद तोकडी.

कॅनडाने वाढवणं. हा पर्याय अमेरिकेच्या हातातला नव्हता, तरी नियोजनात तो गृहीत धरला जात होता.

आणि मागणी बदलणं: कारखान्यांनी साठा वाढवायचा, डिसेंबरातली घाई कमी करायची. बैठकींत यावर फार बोललं गेलेलं दिसत नाही, कारण साठ्याचा खर्च कारखान्याच्या खिशातून जातो आणि बर्फफोड जहाजाचा सरकारच्या.

प्रत्यक्षात काय केलं

जुलै 2014 मध्ये मॉरो बे डागडुजीला बाल्टिमोरला गेली. बाकीच्या पाळीने गेल्या आणि हा कार्यक्रम 2020 पर्यंत चालला. म्हणजे इतका वाईट हिवाळा नुकताच झालेला असताना पुढची सहा वर्षं संच अनेकदा एका टगने कमी राहिला. याला पर्याय होता असं वाटत नाही. पस्तीस वर्षांची इंजिनं आणखी थांबली नसती.

पुढचा हिवाळाही कडक निघाला, 2015 च्या फेब्रुवारी अखेरीस 88.8 टक्के. त्याच फेब्रुवारीत ईरी सरोवरात ओहायोच्या कॉनिऑट बंदराबाहेर एक मालवाहू जहाज वाऱ्याने रचलेल्या बर्फात अडकलं आणि काही दिवस अडकून राहिलं. 140 फुटी टग पोचली, पण तिची ताकद पुरली नाही. शेवटी कॅनडाच्या ग्रिफनने सुटका केली. ग्रिफन 1970 चं जहाज. 

फेब्रुवारी 2016 मध्ये कायद्याने सरोवरांसाठी बोयांचंही काम करू शकेल अशा आणखी एका बर्फफोड जहाजाची रचना आणि बांधणी करायला परवानगी दिली. अमेरिकेत परवानगी आणि पैसा ही दोन वेगळी खाती आहेत. संसद एका कायद्याने ‘बांधा’ म्हणते आणि दुसऱ्या कायद्याने पैसे देते, किंवा देत नाही. इथे पुढची काही वर्षं अभ्यासापुरतेच पैसे मिळाले. 2018–19 मध्ये बर्फ पुन्हा 80.9 टक्क्यांवर गेला. डिसेंबर 2022 मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्याला जोडून 35 कोटी डॉलरपर्यंत खर्चाची परवानगी मिळाली, जहाज निदान मॅकिनॉएवढं सक्षम हवं या अटीसह.

कॅनडाने मधल्या काळात वेगळी वाट धरली. कझाकस्तानच्या कॅस्पियन किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यासाठी बांधलेलं ‘मांगिस्ताउ-2’ हे वापरलेलं जहाज 2021 मध्ये साडेचार कोटी कॅनडियन डॉलरच्या आसपास घेतलं, सरोवरांसाठी नेमलं आणि ‘जूडी लामार्श’ असं नाव दिलं. नव्या बांधणीच्या तुलनेत किंमत किरकोळ. पण जुन्या जहाजाला आपल्या नियमांत बसवायचं तर अग्निसुरक्षा, राहण्याची जागा, यंत्रांचे सुटे भाग सगळ्यांत बदल करावे लागतात आणि त्यात हिवाळे जातात.

परिणाम आणि मोजमापाचा घोटाळा

मॅकिनॉचं कंत्राट 2001 चं आणि सेवेत आलं 2006 ला. त्या वेगाने पाहिलं तर 2022 ची परवानगी पाण्यात उतरायला 2014 च्या हिवाळ्यापासून सुमारे तेरा वर्षं होतात. मधल्या वर्षांत सरोवरं हलक्या बर्फाकडे झुकली. 2023–24 मध्ये तर कमाल आकडा सोळा टक्क्यांच्या आसपासच थांबला. अशा प्रत्येक हिवाळ्यानंतर ‘कशाला हवं दुसरं जहाज’ हा प्रश्न परत येतो.

इतका उशीर का झाला, याचं एक कारण कोस्ट गार्डच्या यशाच्या मापात आहे. माप असं होतं: ठरावीक महत्त्वाचे जलमार्ग सर्वसाधारण हिवाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त आणि कडक हिवाळ्यात आठ दिवसांपेक्षा जास्त बंद राहू नयेत. ‘बंद’ म्हणजे अधिकृतपणे बंद. ताफा आठवडाभर व्हाइटफिशमध्ये ढकलाढकली करत असेल तर मार्ग उघडाच मोजला जातो. जहाजमालकाचं घड्याळ मात्र तासांत चालतं. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांनी बरोबर होत्या आणि म्हणून दोघांचं जुळेना. नंतर मापं बदलत गेली, जलमार्गांची प्रतवारी करून अव्वल प्रतीचे मार्ग 95 टक्के वेळ उपलब्ध ठेवण्याचं लक्ष्य आलं. तेही मार्ग मोजतं, खोळंबा नाही.

दुसरी चूक सरासरीची. 12.9 आणि 92.5 यांची सरासरी कुठल्याच खऱ्या हिवाळ्याचं वर्णन करत नाही. बर्फाच्या एकूण टक्केवारीतूनही जहाजांची गरज ठरत नाही. ठरते ती यावरून, की टगच्या ताकदीपलीकडचा बर्फ एकाच आठवड्यात किती ठिकाणी आहे. 2014 मध्ये अशा जागा किमान तीन होत्या आणि जहाज एक.

वेगळं काय करता आलं असतं

2001 च्या कंत्राटात रुंदीचा प्रश्न खर्चाच्या आधी यायला हवा होता. बोयांचं काम जोडलं यात वावगं नाही, त्यामुळे जहाज वर्षभर कमावतं. पण 105 फुटी जहाजांसाठी 58 फुटी वाट ही तडजोड दर कडक हिवाळ्यात दुसऱ्या फेरीच्या इंधनाने आणि तासांनी फेडावी लागते. पुढच्या जहाजाच्या आराखड्यात ‘32 इंच, तीन नॉट’ या जोडीला ‘एका फेरीत वाट किती रुंद’ आणि ‘रुतलेलं हजारफुटी जहाज किती वेळात मोकळं’ हे निकष लिहिलेले असावेत.

डिसेंबर 2013 मध्ये बर्फ लवकर धरला तेव्हाच कारखान्यांचा साठा किती दिवसांचा आहे हे कोस्ट गार्डकडे यायला हवं होतं. जहाजांच्या वेळा कळतात, साठा कळत नाही, कारण ती धंद्याची गुप्त माहिती. आठवड्याला एक एकत्रित आकडा, कंपनीचं नाव न देता, तेवढं पुरलं असतं. मग मार्चमध्ये पहिल्या ताफ्यात कुठल्या कारखान्याचा माल असावा हे ठरवता आलं असतं. तसं न झाल्याने जो तयार तो पुढे, असा क्रम लागला.

टग डागडुजीला पाठवतानाचा क्रमही हिवाळ्याच्या बाजूने लावता येतो: ज्या बंदरात शेजारी दुसरी टग आहे तिथली आधी, सू इथली शेवटी, आणि परतीची तारीख ऑक्टोबरच्या आत, नाहीतर ती टग एक नव्हे दोन हिवाळे गमावते.

आणि खोळंब्याची नोंद. प्रत्येक रुतलेल्या जहाजामागे पाच गोष्टी लिहून ठेवल्या तर पुरे: जागा, थांबल्याची वेळ, मदत मागितल्याची वेळ, मदत पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीतलं अंतर कप्तानाच्या अंदाजाचं, तिसऱ्या-चौथ्यातलं जहाजांच्या संख्येचं, चौथ्या-पाचव्यातलं ताकदीचं. 2014 च्या वादात दोन्ही बाजूंकडे टनांचे आणि दिवसांचे आकडे भरपूर होते, या तीन अंतरांचा तक्ता कुणीच मांडला नाही. तो असता तर आणखी टग हव्यात की दुसरं मोठं जहाज हवं, हे संसदेच्या समितीसमोर दोन पानांत दाखवता आलं असतं.